आधी आई चढू दे

पनवेलच्या मोटारस्टँडवर एजंटकाकांनी चांगली पंधरा-सोळा वर्षं काढली, पण त्यांना कधी ओरडताना कोणी ऐकलं नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, माणूस स्टँडचा कंट्रोलर! गाडी लागली की 'पेण, पेण, पेण' करून गळा फाडायचा हेच ज्याचं काम, तो माणूस खुर्चीवरून उठायचा, टोपी सारखी करायचा आणि बाकावर बसलेल्या एकेकापाशी जाऊन हळू आवाजात सांगायचा, "उरणची गाडी लागली आहे. सावकाश चढा, जागा आहे." कानाने कमी ऐकणारे म्हातारे चिडायचे. "जरा मोठ्यानं बोला की हो, घरात मयत झाल्यासारखं काय बोलता?" काका हसायचे आणि त्यांच्या कानाशी वाकून तेच पुन्हा सांगायचे, तेवढ्याच हळू.

दुसरी खोड हातांची. हात कायम पाठीमागे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. कुणाच्या गाठोड्याला, वळकटीला, साध्या पिशवीलासुद्धा ते हात लावायचे नाहीत. हमालाला बोलावतील, तो येईपर्यंत उन्हात उभे राहतील, पण स्वतः उचलणार नाहीत. आणि लहान मूल तर नाहीच नाही. एखादी बाई कनवटीचे पैसे सोडवताना म्हणायची, "दादा, जरा पोर धरा हो," की काका दोन पावलं मागे सरायचे आणि बाकावरच्या एखाद्या म्हातारीला सांगायचे, "आजी, तेवढं बाळ घ्या." हमालांनी यावरून खूप चेष्टा करून ठेवल्या होत्या. कोणी म्हणे, काका सोवळ्यातले. कोणी म्हणे, एकदा पोराने अंगावर कार्यक्रम उरकला, तेव्हापासून धसका घेतलाय. त्यात सगळ्यात मोठ्याने हसणारी मी होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

तिसरी गोष्ट मात्र खोड म्हणून कोणी हसण्यावारी नेत नसे, कारण त्यापायी गाडीला उशीर व्हायचा. काकांचा नियम होता, आधी आई चढेल, ती बसेल, आणि मग पोर तिच्या हातात जाईल. पोर आधी आत देऊन आई मागून चढते, हे त्यांना खपत नसे. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातलेला असला तरी काका शांतपणे जाऊन गाडीच्या पुढ्यात उभे राहायचे. तोंडाने एकच म्हणायचे, "आधी आई चढू दे." ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. "काका, पेणला कधी पोचायचं हो? आई चढली काय, पोर चढलं काय, गाडी एकच ना?" यावर काका त्याच्याकडे असे बघायचे की तो पुढे बोलायचा नाही.

त्यांचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरकारी गाड्या सुरू होण्याआधी पनवेलवरून खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. तेव्हा ते एका मोटारीचे एजंट होते. सरकारने ते मार्ग आपल्याकडे घेतले आणि काही जुनी माणसं नोकरीत घेतली, त्यांत हेही आले. खाकी कोट आला, कोटाला बिल्ला आला, तरी लोकांच्या तोंडचा एजंट काही गेला नाही. मीही एजंटकाकाच म्हणायचे.

आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यातल्या. बाबा खाडीत जाळं टाकायचे आणि आई सुकी मासळी विकायची. बाकीच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन चालत गावंगावं करायच्या, पण आईला ते जमत नसे. तिचा उजवा पाय घोट्याखाली चेचलेला होता आणि पाऊल आतल्या बाजूला वळलेलं होतं. लहानपणी मी विचारलं की ती म्हणायची, "मोटारीतून परले." पडले, बस, एवढंच. म्हणून ती सकाळच्या गाडीने कोन गावाच्या बाजूला जायची, तिकडच्या चार-पाच गावांत मासळी विकायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. मी शाळा सुटली की स्टँडवर जाऊन बसायचे, कारण आई उतरली की रिकामी पाटी मी घ्यायची, असं आमचं ठरलेलं होतं.

आता मासळीची पाटी गाडीत घ्यायची म्हटलं की कंडक्टर नाकं मुरडणारच. "ए मावशी, खाली ठेव ते, वास मारतंय." पण माझ्या आईची पाटी कधी खाली राहिली नाही. काका हमालाला खूण करायचे, पाटी टपावर जायची, आणि आई दोन्ही हातांनी दांडे धरून, दुखरं पाऊल मागे ठेवून, एक एक पायरी चढेपर्यंत काका गाडीच्या पुढ्यात उभे. रोज. आणि इतकं असून माझी आई त्यांच्याशी अक्षर बोलत नसे. बोलणं सोडा, ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे. आई काही तोंडाची मुकी नव्हती. सगळ्या बाजाराशी भांडायची, हमालांना शिव्या घालायची, पण काकांच्या खुर्चीसमोरून जाताना तिची मान दुसरीकडे. मला वाटायचं, आईला माणसाची कदरच नाही.

काकांना वर्तमानपत्राचा नाद होता. मुंबईहून येणाऱ्या पहिल्या गाडीने पेपर यायचा, तो ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे, हातात पेन्सिल घेऊन. ही पेन्सिल एकाच कामाची. 'गळेकापू' हा शब्द दिसला की त्याच्याखाली रेघ मारायची आणि बाजूला दुसरा शब्द लिहायचा. हुतूतूच्या सामन्यात दोन संघांत गळेकापू स्पर्धा झाली असं छापलं असेल, तर काका लिहायचे, 'चुरस'. निवडणुकीत दोन उमेदवारांची गळेकापू स्पर्धा म्हटलं, की लिहायचे, 'चढाओढ'. मी विचारलं, "काका, चुकलंय का ते?" तर म्हणाले, "कुणाचा गळा कापला का? नाही ना? दोघे खेळले, एक जिंकला, घरी जाऊन जेवले. मग हा शब्द कशाला नासवतात? तो काय फुकट मिळालाय?"

शब्दांच्या बाबतीत ते माझे गुरुजीच होते. मी आठवीत असताना आमचे मराठीचे सर रोज पाच शब्द द्यायचे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा म्हणून. घरी विचारायचं कुणाला? आई निरक्षर, बाबांना सही येत नव्हती. मी स्टँडच्या बाकावर वही उघडायची, काका वाक्यं सांगायचे आणि त्यांच्या वाक्यांना स्टँडचाच वास असायचा. 'अहमहमिका' आला तर म्हणाले, "लिही, खिडकीची जागा पकडण्यासाठी प्रवाशांत अहमहमिका लागली." 'चढाओढ' आला तेव्हा म्हणाले, "पापड कुणाचे पातळ यावरून आमच्या आळीतल्या दोन जावांत चढाओढ चाले. खरंच चालते बरं. माझ्या घरीच आहे." 'ईर्षा' आला तेव्हा मात्र जरा थांबून म्हणाले, "ईर्षा चांगलीही असते आणि वाईटही. शेजारणीच्या पोरीला जास्त मार्क पडले म्हणून तू जास्त अभ्यास केलास तर चांगली. तिची वही लपवलीस तर वाईट." मी मान खाली घातली. मी खरंच एकदा एकीची वही लपवली होती, आणि ते यांना कसं कळलं देव जाणे.

एका दिवशी सरांनी दिलेल्या पाच शब्दांत चौथा शब्द 'गळेकापू' होता. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आज काकांच्या आवडीचा शब्द, आज दोन-दोन वाक्यं मिळणार. मी धावत गेले, वही पुढे केली. काकांनी शब्द वाचला. वही मिटली. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाकीचे चार आज कर. हा उद्या."

"सरांना उद्याच दाखवायचंय, काका."

"शाळेत जाण्याआधी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. आईची गाडी नुकतीच सुटली होती. काका खुर्चीवर नव्हते, स्टँडच्या मागे चिंचेखाली उभे होते, हात मागे. मला म्हणाले, "बस." मी चिंचेच्या पारावर बसले. ते उभेच राहिले.

"तुझी आई मोटारीतून पडली असं तुला माहीत आहे ना?"

"हो."

"ती पडली नाही. तिने उडी मारली. बघ, मी सांगतो, मध्ये बोलू नकोस. मला हे एकदाच सांगता येईल."

मग त्यांनी सांगितलं, ते मी त्यांच्याच रीतीने सांगते. सरकारी गाड्या यायच्या आधी पनवेल–उरण रस्त्यावर दोन मोटारी धावायच्या, एक हिरवी आणि एक पिवळी. हिरवीचे एजंट हे. पिवळीचा एजंट भिकू, यांच्याच आळीतला, लहानपणापासूनचा जोडीदार. मुंबईहून मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बंदराला, लाँच लागायची. जी मोटार आधी मोऱ्याच्या धक्क्यावर पोचेल तिला परतीचे लाँचवाले सगळे उतारू. म्हणून इथून आधी कोण भरतो आणि आधी कोण सुटतो, यावर सगळा खेळ. प्रथम भाडं उतरवलं. मग चहा फुकट, विडी फुकट. मग आपलीच चार माणसं आत बसवायची, म्हणजे मोटार भरत आली असं वाटावं. ड्रायव्हरने मोटार दोन हात पुढे घ्यायची, दोन हात मागे घ्यायची, 'सुटली, सुटली' करून. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर. मागच्या पिंपातून नुसता धूर, आणि त्या धुरात हे दोघे एजंट माणसांच्या हातातली गाठोडी ओढत असायचे. गाठोडं ज्याच्या टपावर गेलं, तो उतारू त्याचा. हा अड्ड्याचा कायदा होता, आणि पोलीससुद्धा तो मानायचा.

"मी त्या कायद्याच्या पुढे गेलो," काका म्हणाले. "गाठोड्याला लोक घट्ट धरून ठेवायला लागले, मग मी पोरं उचलायला लागलो. बाईच्या कडेवरचं पोर उचलायचं, कौतुक करत करत, 'या या राणीसाहेब,' आणि सरळ मोटारीत देऊन टाकायचं. आई कुठे जाईल? मागून येणारच. पोर आत की आई आत. ही माझी अक्कल. सगळा अड्डा माझी वाहवा करायचा. भिकूला हे सुचलं नव्हतं, म्हणून तो जळायचा."

त्या दिवशी आई मला घेऊन मोऱ्याला, तिच्या माहेरी निघाली होती. मी अडीच वर्षांची. काकांनी मला तिच्या कडेवरून उचललं आणि हिरव्या मोटारीत आत दिलं. त्याच घटकेला दुसऱ्या बाजूने भिकूने तिचं गाठोडं पिवळीच्या टपावर फेकलं आणि तिच्या दंडाला धरून तिला पिवळीच्या बाजूच्या दाराखालच्या फळीवर चढवलं. दोन्ही ड्रायव्हर टपलेले. दोघांनीही मोटारी सोडल्या. हिरवी पुढे, पिवळी मागे.

"तुझी आई फळीवर उभी राहून ओरडत होती, 'माजी पोर, माजी पोर.' मी खाली उभा होतो. मी बघितलं. मला सगळं कळलं. माझा आवाज तेव्हा खाडीपर्यंत जायचा, पोरी. मी एक हाक दिली असती तर दोन्ही मोटारी जागच्या जागी थांबल्या असत्या. पण आमची पुढे निघाली होती ना. थांबली असती तर पिवळीने गाठली असती. मी मनात म्हटलं, दोन्ही उरणलाच जातात, कुठे जातंय पोर, तिकडे भेटेल. एवढाच विचार केला. तोंड उघडलं नाही. तिने उडी मारली. मागचं चाक पावलावरून गेलं."

मोऱ्याच्या धक्क्यावर पोचल्यावर हिरवीच्या ड्रायव्हरच्या ध्यानात आलं की या पोरीबरोबर कोणीच नाही. त्याने मला बटर घेऊन दिलं आणि संध्याकाळी परत आणलं. आई तोवर दवाखान्यात होती. काकांनी एजंटकी त्याच दिवशी सोडली. भिकू मुंबईला गेला, तो परत आला नाही.

काकांनी खिशातून कागद काढला. मागच्या बाजूने कोऱ्या असलेल्या जुन्या पावतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'गळेकापू – समोरच्याला बुडवण्याच्या नादात मधलं माणूस दिसेनासं होतं, अशी. वाक्य: उरणच्या दोन मोटारींच्या गळेकापू स्पर्धेत एका आईचा पाय गेला.'

"लोकांना वाटतं, गळेकापू म्हणजे हातात सुरी असते," ते म्हणाले. "माझ्या हातात सुरी नव्हती गं. तू होतीस."

मी काय केलं? मी कागद घेतला आणि पळाले. वर्गात ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. सरांनी त्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण केली आणि 'छान वाक्य' असा शेरा दिला. मला त्या शेऱ्याचा इतका संताप आला की मी पान फाडणार होते. संध्याकाळी स्टँडवर गेले, पण बाकावर बसले नाही. कोपऱ्यावर उभी राहिले आणि आई उतरल्यावर पाटी घेऊन तिच्याआधी चालायला लागले. काका लांबून बघत होते. मी त्यांच्याकडे मान वळवून बघितलं नाही, अगदी आईसारखं.

घरी आई बोंबील निवडत बसली होती. मी वही काढून वाक्य तिला वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"कोनी लिवून दिला?"

"एजंटकाकांनी. सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत तेसुद्धा."

"सोता सांगितला? त्याच्या तोंडानी?"

"हो."

आई पुन्हा बोंबील निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, "मंग खरा हाय ते. फारू नको पान."

"तू मला का नाही सांगितलंस?" मी रडायलाच लागले. "सगळ्या कोळीवाड्याला माहीत असणार. मी रोज त्याच्या शेजारी बसते, हसते, आणि तू बघतेस!"

"कोलीवाऱ्याला मीच दम दिलावता, पोरीला बोलाचा नाय म्हणून. तुला मोटारीचा भ्याव बसला असता गो. मोटारीत चरली नसतीस तर पुरं कशी गेली असतीस? तुला काय मासलीच इकायची हाय?" मग बोंबलाकडे बघतच, "आन तो तुला सबुद शिकवतो. मना येत नाय. म्हणून बसू दिला. मी बोलाची नाय त्याच्यासंगं. त्यो राग माजा माज्याजवल हाय."

आठ-दहा दिवस मी काकांशी बोलले नाही. त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला आठवते. करंजाड्याकडची एक बाई होती, वीस-बावीस वर्षांची, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. गाडी भरलेली. कुणीतरी आतून हात पुढे केला, "दे ते पोर इकडे." तिने दिलंही असतं. काका पुढे आले, हात मागेच, आणि गाडीच्या पुढ्यात उभे राहिले. "आधी आई चढू दे." ड्रायव्हरने नेहमीसारखा कपाळाला हात लावला, हमाल नेहमीसारखे हसले. हे मी शंभर वेळा बघितलं होतं आणि शंभर वेळा हसले होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही, आणि राग धरून ठेवायलाही जमेना. दुसऱ्या दिवशी जाऊन बाकावर बसले. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघतच विचारलं, "आज कोणता शब्द?"

मी मॅट्रिक झाले, ट्रेनिंग केलं, पेणला शाळेत लागले. कोळीवाड्यातली पहिली मास्तरीण म्हणून लोकांनी फार कौतुक केलं. त्यातलं निम्मं काकांचं, पण हे बोलायची आमच्या घरात सोय नव्हती. काका भेटले की मी थांबायचे, त्यांच्या पेन्सिलीने रेघा मारलेला पेपर बघायचे. आई आपली मान फिरवून पुढे. मी तिला कधी म्हटलं नाही की आता बोल. तिच्या पायाने ती चालत होती, मी नाही. पण काका वाट बघत होते, हे मला माहीत होतं. रोज सकाळी आई पायरी चढत असताना ते तिच्या पाठीकडे बघायचे, ती एकदा तरी वळेल म्हणून. पाय गेला तेव्हापासून अठरा-एकोणीस वर्षं ती वळली नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर आई मला पेणला पोचवायला निघाली. काकांची नोकरी सरत आली होती. खांद्यांवर खाकी कोट मोठा वाटत होता. त्या दिवशी बाजारचा वार, स्टँडवर ही गर्दी! मी ट्रंक आणि बोचकी घेऊन कशीबशी आत चढले, आईला जागा धरली. मागे बघितलं तर मधे पंधरा-वीस माणसं कोंबलेली. आई खाली पायरीशी, खांद्यावर माझी मुलगी. तिला चढायला दोन्ही हात लागायचे. मी तिथून हात पोचवू शकत नव्हते. आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. काका गर्दीमुळे आज पायरीपासून दोन हातांवर, हात मागे बांधून.

आई वळली. "एजंटा," ती म्हणाली, "पोर धर."

मी खिडकीतून बघत होते. काकांना ऐकू आलंय की नाही, असं वाटावं इतका वेळ ते हलले नाहीत. मग मागचे हात पुढे आले. आईने माझी मुलगी त्यांच्या हातांत ठेवली आणि वळून दांडे धरले. चांगलं पाऊल पायरीवर, दुखरं पाऊल अजून जमिनीवर. कंडक्टर नवा होता, त्याला काकांचा नियम ठाऊक नव्हता, आणि काका आज गाडीच्या पुढ्यात नव्हते. त्याने घंटी मारली. गाडी हलली.

"थांबव! थांबव रे! आई खाली आहे!"

तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळा स्टँड गप्प झाला. पलीकडच्या टांग्याचा घोडा उधळला, हॉटेलातली माणसं बाकड्यांवरून उठून बाहेर आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तो अख्खी गाडी पुढे झुकली. माझी मुलगी दचकून मोठ्याने रडायला लागली. काकांनी तिला छातीशी धरली आणि ते तिथेच उभे राहिले, हलले नाहीत, पुढे आले नाहीत. आई दांडे धरून चढली. पायरी, मग दुसरी पायरी. माणसांनी तिला वाट दिली. ती माझ्या शेजारी खिडकीपाशी येऊन बसली, पदर सारखा केला आणि बाहेर हात काढले.

"दे," ती म्हणाली.

काकांनी मुलगी खिडकीतून तिच्या हातात दिली. काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात आईने मान हलवली, पुरे अशा अर्थी. मग त्यांनी दोन पावलं मागे जाऊन कंडक्टरला हाताने खूण केली. जाऊ दे.

ते मी त्यांना शेवटचं बघितलेलं. पुढच्या सुटीत मी आले तेव्हा त्या खुर्चीवर दुसरा माणूस होता, आणि काका जाऊन महिना झाला होता. आळीतल्या लोकांनी सांगितलं, काकांच्या दिवसांना एक लंगडी कोळीण येऊन दारात बसली होती, कुणाशी बोलली नाही, पाणी पिऊन गेली.

पण मी त्या गाडीत आईजवळ बसले होते, ते अजून सांगायचं राहिलं. गाडी पनवेलच्या बाहेर पडली. आईने मुलीला मांडीवर घेऊन थोपटून झोपवलं. कर्नाळ्याचा डोंगर दिसायला लागला. मग एकाएकी ती माझ्याकडे वळली, डोळ्यांतून घळघळा पाणी. माझ्या आईला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

"आयकलास ना त्याचा आवाज?" ती म्हणाली. "तवा बी येवराच व्हता गो. येवराच व्हता."